नाथसागरावर हाउसबोटी नकोत : एक प्रतिवाद

पैठणच्या नाथसागरावर हाउसबोटी आणाव्यात, म्हणजे मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांना चार दिवसांच्या सुटीसाठी श्रीनगर किंवा अलेप्पी गाठावी लागणार नाही, ही सूचना आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात अधूनमधून मोठ्या उत्साहाने मांडली जाते. पर्यटनविषयक चर्चांत ती निघते, आणि उन्हाळी सुटीचे बेत ठरविणाऱ्या घरगुती बैठकींतही निघते. ती मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, मराठवाड्याच्या उत्कर्षाविषयीची त्यांची कळकळ निःसंशय आहे, आणि त्यांनी पुढे केलेली कारणे प्रथमदर्शनी बिनतोड वाटावीत अशी आहेत. म्हणूनच त्या सूचनेचा प्रतिवाद सविस्तर व्हावयास हवा, नुसत्या नकाराने भागणार नाही.

कुटुंबाने काही दिवस पाण्यावर राहावे या इच्छेत निंद्य असे काहीही नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. कारण या सूचनेला विरोध करणारे काही जण सहलीलाच चैन ठरवून तिची हेटाळणी करतात, आणि तसे करून आपली बाजू विनाकारण दुबळी करून घेतात. हाउसबोटीवरील मुक्कामाचा एक गुण असा आहे, की जो हॉटेलात किंवा तीर्थयात्रेच्या धावपळीत सहसा सापडत नाही : घरातील माणसांना तेथे एकमेकांपासून फार दूर जाताच येत नाही. सकाळी आजोबा पुढच्या सज्जात शाल पांघरून बसतात, नातवंडे कठड्याला चिकटून पाण्यात काय हलते ते न्याहाळतात, मागच्या स्वयंपाकखोलीतून फोडणीचा वास येतो, आणि वर्षभर कचेरी, दुकान व शिकवणी यांत विखुरलेले घर चार दिवस एका छपराखाली, एका लयीने जगते. ज्या शहरातील गृहिणीला आपल्या वसाहतीचे पाणी कोणत्या दिवशी आणि कोणत्या प्रहरी सुटणार याचा हिशेब आठ-आठ दिवस मनात बाळगावा लागतो, त्या शहरातील मुलाने क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी डोळे भरून पाहावे, ही तर अगदी रास्त भूक आहे. तेव्हा सहलीच्या हक्काविषयी माझा कोणाशीही वाद नाही. माझी हरकत आहे ती केवळ या एका जलाशयापुरती.

नाथसागराच्या काठी उभे राहिले, की सूचनाकर्त्यांचेच म्हणणे खरे वाटू लागते, हे मान्य करावयास हवे. सुमारे पंचावन्न किलोमीटर लांब, सत्तावीस किलोमीटरपर्यंत रुंद, आणि भरला असता साडेतीनशे चौरस किलोमीटर मुलूख व्यापणारा हा विस्तार आहे; त्याला अडविणारी भिंत दहा किलोमीटर लांबीची आहे आणि तिला सत्तावीस दरवाजे आहेत. निजामी राजवटीत बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावापाशी गोदावरी अडविण्याचा विचार प्रथम झाला. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर नव्याने पाहणी होऊन जागा वर पैठणकडे सरकली, परंतु दफ्तरात चढलेले नाव तसेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी या धरणाचा पायाभरणी समारंभ केला आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संत एकनाथांच्या नावाने ओळखला जाणारा हा जलाशय मराठवाड्याच्या माणसाला अभिमानाचा वाटतो, आणि त्या अभिमानातूनच 'काश्मीरला दल आहे, तर आम्हाला नाथसागर आहे' हे वाक्य सहजपणे निघते.

परंतु पाण्याचा पसारा ही एक गोष्ट आणि त्याची खोली ही दुसरी. धरणाच्या एकूण साठवणीला, म्हणजे २,९०९ दशलक्ष घनमीटरांना, त्याच्या क्षेत्रफळाने भागले, तर सरासरी खोली साडेआठ मीटरांच्याही आत येते. आणि ही भरलेल्या धरणाची कथा झाली. या साठ्यातील सुमारे पाऊण भाग उपयुक्त आणि उरलेला मृत, असा हिशेब आहे. उपयुक्त साठा याचा अर्थ असा, की तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत खर्च व्हावा याच हेतूने साठविलेला आहे. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर जाऊन छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतील शिवारांना ते पाणी पोहोचवितात. या शहराची तहान, जालन्याची तहान, वाळूजच्या कारखान्यांची गरज हे सारे त्याच साठ्यातून भागते. आणि मराठवाड्याचे ऊन आपला वाटा कोणालाही न विचारता वरच्यावर उचलून नेते. ज्या वर्षी कालव्यांची आवर्तने वेळेवर सुटतात, शहराच्या नळांना पाणी पोहोचते आणि जूनच्या आरंभी जलाशय तळाशी जातो, ते वर्ष या धरणाच्या दृष्टीने यशस्वी वर्ष. हे पाणी जाण्यासाठी साठविलेले आहे. आणि हाउसबोटीची पहिली, मूलभूत, कोणत्याही तंत्राने टाळता न येणारी गरज अशी, की पाण्याने जाऊ नये. या दोहोंतील विरोध तडजोडीने मिटणारा नाही. माझा सारा आक्षेप या एका गोष्टीतून निघतो.

श्रीनगर आणि अलेप्पीजवळचे कुट्टनाड यांचे दाखले येथे लागू पडत नाहीत, याचेही कारण हेच. दल सरोवराची पातळी दलगेटच्या दरवाजाने राखली जाते, आणि तेथील देवदारी लाकडाच्या, अक्रोडाच्या कोरीव कामाने सजविलेल्या नौका वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी नांगरलेल्या असतात. संस्थानी राजवटीत परमुलखातील माणसाला काश्मिरात जमीन खरेदी करण्यास मज्जाव होता, म्हणून गोऱ्या साहेबांनी पाण्यावर घरे थाटली. आणि ती थाटणे शक्य झाले, कारण हांजी समाजाची कुटुंबे त्याआधीपासून डोंग्यांत संसार करीत होती. कुट्टनाडात काथ्याने फळ्या आवळून बांधलेली, एकही खिळा न लावलेली केट्टुवळ्ळम् ही भाताची मालवाहू नौका होती. सडकेवरून ट्रक धावू लागले, तेव्हा तिचा धंदा बुडाला, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याच नौकेवर खोल्या चढवून तिला पर्यटकांच्या सेवेस लावण्यात आले. तेथील खाजणाचे पाणी समुद्राच्या पातळीशी बांधलेले. ते भरती-ओहोटीने हलते, परंतु ऋतूबरोबर मैलोगणती मागे सरत नाही. दोन्ही ठिकाणी नौका आधी होती, तिच्यावर जगणारा समाज आधी होता, पाहुणा मागाहून आला. आपल्या महाराष्ट्रात पर्यटन महामंडळाने तारकर्लीला हाउसबोटी आणल्या त्याही कर्लीच्या खाडीत, जेथील खाऱ्या पाण्यावर कोणाचा घडा अवलंबून नाही. नाथसागरावर यांपैकी एकही परिस्थिती नाही.

आता कॅलेंडर समोर ठेवून पाहू. आपल्या कुटुंबांना मोठी सुटी मिळते ती दोनदा, दिवाळीत आणि एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा हाउसबोटीचा धंदा चालावयाचा तो या दोन हंगामांवरच. मे महिन्यात नाथसागराची अवस्था काय असते, हे ज्यांनी कायगावच्या अंगाने किंवा सोनेवाडीच्या बाजूने जाऊन पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगावयास नको. काठ इतका सपाट आहे, की पातळी हातभर खाली गेली तरी पाण्याची कड कितीतरी पावले मागे सरते. आणि पूर्ण संचय पातळी व मृतसाठ्याची पातळी यांत पंचवीस फुटांहून अधिक अंतर आहे. दिवाळीत जेथे नौका बांधाल, तेथे मे महिन्यात भेगाळलेला काळा गाळ, सुकलेले शिंपले आणि गुरांच्या खुरांचे ठसे असतात. मग नौका आत न्यावी लागणार, तिच्यापर्यंत जाण्यासाठी गाळातून रस्ता करावा लागणार, तो दर पंधरवड्याला पुढे सरकवावा लागणार. आणि २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ यांसारख्या वर्षी, जेव्हा धरण मृतसाठ्यात गेले आणि शहराचे पाणी उपसण्यासाठी आपत्कालीन पंप बसवावे लागले, तेव्हा त्या नौकांचे काय करावयाचे, याला सूचनाकर्त्यांजवळ उत्तर नाही.

मे महिन्याचा दुसरा धोका वाऱ्याचा. दुपार कलली, की वळवाचे ढग उठतात आणि उघड्या, पसरट पाण्यावर वावटळ अशी काही येते, की मुरलेला भोईसुद्धा जाळी गुंडाळून काठ धरतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले, त्यांत लहान मुले होती. उजनी आणि नाथसागर ही दख्खनच्या पठारावरील, उघड्या माळांनी वेढलेली, एकाच स्वभावाची धरणे आहेत. डोंगरांच्या कुशीतील सरोवरांप्रमाणे त्यांना वाऱ्यापासून आडोसा नाही. कोणी म्हणेल, की ती साधी प्रवासी बोट होती, हाउसबोटीची बांधणी भक्कम असते आणि देखरेख सरकारी राहील. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात 'जलकन्यका' ही दुमजली बोट उलटून पंचेचाळीस माणसे बुडाली, ती बोट केरळच्या राज्य पर्यटन महामंडळाची होती, आणि तो जलाशयही धरणाचा व अभयारण्यातील होता. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट बुडून बारा मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या. तो तलाव तर भर शहरात, चहूबाजूंनी वस्तीने वेढलेला. नाथसागराच्या मध्यावर, रात्रीच्या वेळी, निजलेल्या कुटुंबासह एखादी नौका संकटात सापडली, तर मदत कोणत्या काठावरून आणि किती वेळात पोहोचणार, हा प्रश्न ज्यांनी विचारलेला नाही, त्यांनी घराघरांतल्या मुलाबाळांना तेथे मुक्कामास बोलावू नये.

राहिला दिवाळीपासूनचा हंगाम, जेव्हा जलाशय बहुधा भरलेला असतो, हवा निवळलेली असते, आणि हाउसबोटीचे चित्र सर्वांत मोहक दिसते. तोच काळ पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाचा आहे. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे; ३४१ चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र केवळ कागदावरचे नाही. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, तलवार बदके, थापट्ये, चक्रवाकांच्या जोड्या, कांड्या करकोच्यांचे थवे आणि उथळ चिखलात मान घालून चरणारे रोहित पक्षी येथे हिवाळा काढतात. त्यांना हवे असते ते उथळ पाणी, निवांत किनारा आणि रात्रीची शांतता. म्हणजे नौका नांगरण्यास, पाहुण्यांना चढउतार करण्यास आणि रात्री दिवे लावून जेवणावळी मांडण्यास जी जागा सोयीची, नेमकी तीच. सोनेवाडीच्या काठावर जानेवारीच्या पहाटे, सूर्य वर येण्याआधी, चांदव्यांचा काळा थवा पाण्यावर एखाद्या अंथरलेल्या घोंगडीसारखा पडलेला दिसतो. दूरवर एक यंत्रबोट सुरू झाली, की ती घोंगडी एका टोकाकडून उसवत जाते आणि क्षणार्धात सारे पाणी फडफडू लागते. असे दिवसातून दहा वेळा उठविले गेलेले पक्षी चरत नाहीत, आणि न चरलेला पक्षी मार्चमध्ये हजारो मैलांचा परतीचा प्रवास करू शकत नाही. कायद्याची बाजूही उघड आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३३ व्या कलमाने अभयारण्यात व्यापारी निवासस्थाने आणि हॉटेले बांधण्यास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वमंजुरीवाचून मनाई केलेली आहे. बांधकाम जमिनीवर नसून पाण्यावर आहे, म्हणून ते निवासस्थान नव्हे, असा युक्तिवाद कोणी करील. पण जेथे खोल्या आहेत, बिछाने आहेत, स्वयंपाक आहे आणि दररात्रीचे भाडे आहे, ते निवासस्थानच.

येथे तरंगत्या सौरऊर्जेचा दाखला हटकून दिला जातो : याच जलाशयावर वीजनिर्मितीच्या तबकांचा प्रकल्प चालतो, मग चार नौकांनीच काय घोडे मारले? त्या प्रकल्पाविरुद्ध पैठणच्या कहार समाजाच्या समितीने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, लवादाने २०२४ मध्ये ती नाकारली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही, हे खरे आहे. त्या निर्णयाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. वीज सार्वजनिक गरजेची वस्तू आहे आणि तबकांखालील पाण्याचे बाष्पीभवन कमी होते, असा त्या योजनेचा निदान दावा तरी आहे. हाउसबोटीला असा एकही सार्वजनिक दावा करता येत नाही. आणि एक परवानगी मिळाली एवढेच दुसरीचे कारण होऊ लागले, तर अभयारण्य या शब्दाला काही मोल उरणार नाही.

माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा याहून निराळा आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. हाउसबोटी आल्या, की नाथसागराच्या पाण्याला एक नवा हक्कदार निर्माण होईल. तो पाणी पिणार नाही, शेतास लावणार नाही. त्याची मागणी एवढीच असेल, की पाणी अमुक पातळीखाली जाऊ देऊ नये. ज्याने कर्ज काढून नौका बांधली, ज्याने महामंडळाशी करारनामा केला, ज्याच्याकडे मे महिन्याची आगाऊ नोंदणी झाली, तो माणूस उन्हाळी आवर्तनाच्या वेळी स्वस्थ बसेल काय? तो अर्ज करील, लोकप्रतिनिधींना गाठील, प्रसंगी न्यायालयात जाईल. आणि त्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकलेले नसेल, कारण परवाना देणाऱ्या सरकारनेच त्याला ती आशा दाखविलेली असेल. त्या वेळी पाथरीच्या किंवा गेवराईच्या टोकाच्या शेतकऱ्याला, ज्याच्या चारीला पाणी आधीच सर्वांत शेवटी पोहोचते, आणखी एका प्रतिस्पर्ध्याशी झगडावे लागेल.

ज्या पाण्यासाठी मराठवाडा वरच्या धरणांशी भांडत आला, त्या पाण्याविषयी आपण हे करावे काय, याचाही विचार व्हावा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आले. मेंढेगिरी समितीने त्याचा हिशेब मांडला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले, तेव्हा कोठे ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडीतील साठा ठरीव प्रमाणाहून कमी असल्यास नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडणे बंधनकारक झाले. या साऱ्या लढ्यात आपला आधार एकच होता : हे पाणी आमच्या घशासाठी आणि आमच्या पिकांसाठी आहे, यातला थेंब आम्ही वाया घालवीत नाही. मुळा आणि गंगापूर धरणांच्या लाभक्षेत्रांतील शेतकरी दर टंचाईच्या वर्षी विचारतात, की आमचा ऊस वाळवून खाली नेलेल्या पाण्याचे तुम्ही करता काय? त्यांना आपण नाथसागरावरील हाउसबोटींची रांग दाखविणार आहोत काय? प्रतिपक्षाच्या हाती असा पुरावा आपण होऊन ठेवणारा पक्ष आपली फिर्याद आपणच दुबळी करतो.

सांडपाण्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो मुद्दा सर्वांना दिसतो आणि त्याचे उत्तरही तयार असते : जैविक शौचालये बसवू, मैला टाकीत साठवून काठावर आणू, बोटी विजेवर चालवू. कागदावर हे सारे ठीक आहे. पण भांडी घासलेले, आंघोळीचे, कपडे धुतलेले पाणी, सांडलेले तेल आणि कठड्यावरून टाकलेला प्लास्टिकचा कचरा यांचा बंदोबस्त साडेतीनशे चौरस किलोमीटर पाण्यावर रात्री-बेरात्री कोण करणार? दल सरोवराच्या दुरवस्थेविषयीची जनहित याचिका तेथील उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालली, तीही तेथे नौकांची शतकाहून मोठी परंपरा आणि सरकारी देखरेख असताना. शिवाय दलचे पाणी आणि आपले पाणी यांत एक भेद विसरता येत नाही : नाथसागरातून उपसलेले पाणी फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रातून आणि नक्षत्रवाडीच्या जलकुंभांतून थेट आपल्या माठात येते. मे महिन्यात साठा आटतो, तेव्हा तीच घाण त्याहून कितीतरी थोड्या पाण्यात मिसळते. आणि उन्हाळी पर्यटकांची गर्दी नेमकी त्याच महिन्यात.

रोजगाराचा युक्तिवाद मला सर्वांत अधिक विचारात पाडतो, कारण पैठण तालुक्यात रोजगार हवा आहे हे नाकारणारा माणूस निर्दय म्हणावा लागेल. परंतु जो नवा रोजगार येणार म्हणतात, त्याच्याबरोबर आज असलेल्या रोजगाराची गणतीही करावी. नाथसागरावर भोई आणि कहार समाजाची कुटुंबे मासेमारीवर जगतात. त्यांची नौका म्हणजे बहुधा एक अरुंद होडी, किंवा तीही परवडली नाही तर थर्माकोलचा चप्पू, ज्यावर एकच माणूस मांडी घालून बसतो, एका हाताने वल्हवितो आणि दुसऱ्याने जाळे ओढतो. जाळी संध्याकाळी पसरून ठेवायची आणि पहाटे उचलायची, असा त्यांचा क्रम; म्हणजे रात्रभर त्यांची मिळकत उघड्या पाण्यात पसरलेली असते. यंत्रबोटीचा पंखा एकदा त्या जाळ्यातून फिरला, की कित्येक दिवसांची कमाई गेली, आणि त्याची नुकसानभरपाई मागावयाची कोणाकडे? निविदा निघतील तेव्हा हाउसबोटीचे मालक हे भोई होणार नाहीत. लाखांनी भांडवल लागणाऱ्या धंद्यात मालकी भांडवलदाराची असते, आणि स्थानिकाच्या वाट्यास पाहुण्यांच्या पेट्या उचलणे व भांडी घासणे येते.

दुसरा रोजगार गाळपेराचा. पाणी ओसरत जाते तसतशी उघडी पडणारी बुडीत क्षेत्रातील जमीन भाडेपट्ट्याने कसावयास दिली जाते, आणि तीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य आहे. हे प्रकल्पग्रस्त कोण? या जलाशयाखाली शंभरांहून अधिक गावे गेली. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतील गोदाकाठची ती काळीभोर जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांच्या विहिरी, आमराया, गावठाणे आणि मारुतीचे पार सारे पाण्यात बुडाले. मोबदला मिळाला तो त्या काळच्या दराने, आणि पुनर्वसनाच्या गावठाणांत पाण्याची टंचाई भोगण्याची पाळी पुष्कळांवर आली. उन्हाळा कडक असला, की जुन्या वाड्यांचे चौथरे आणि विहिरींचे कडे वर येतात. म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तेथवर चालत जातात आणि 'हे आपले जोते, ही आपली वैरणीची जागा' असे दाखवितात. त्याच उघड्या पडलेल्या जमिनीत त्यांची मुले ओल धरून हरभरा, गहू, काकड्या, टरबुजे पिकवितात. धरणाने जे नेले त्यातील एवढेच काय ते दरवर्षी थोड्या महिन्यांसाठी परत मिळते. हाउसबोटींचे धक्के, त्यांकडे जाणारे रस्ते, वाहनतळ आणि उपाहारगृहे याच पट्ट्यात येणार, कारण दुसरी जागाच नाही. ज्यांचे खरे घर या पाण्याखाली गेले, त्यांच्या उरल्यासुरल्या वहिवाटीवर आपल्या सुटीचे घर उभे करणे मला अन्यायाचे वाटते, आणि कोणत्याही महसुली आकड्याने त्या अन्यायाची भरपाई होईल असे मी मानीत नाही.

मग मराठवाड्यातील कुटुंबाने जावे कोठे? नाथसागराकडेच जावे, पण काठाने जावे. धरणाच्या पायथ्याचे संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर उभारलेले. एके काळी शाळांच्या सहली आणि लग्नाची वऱ्हाडे तेथे लोटत, पण अनेक वर्षांच्या हयगयीने त्याची रया गेली. जो पैसा हाउसबोटींच्या धक्क्यांसाठी मागितला जातो, तो या उद्यानाची नीट निगा राखण्यास, धरणाच्या खालच्या अंगाला स्वच्छ व परवडणारी कुटुंबनिवासस्थाने बांधण्यास आणि सोनेवाडीसारख्या ठिकाणी काठावरून पक्षी पाहण्याचे आडोसे व दुर्बिणी ठेवण्यास लावावा. पक्ष्यांची नावे तेथील भोई तरुणांना ठाऊक आहेत. त्यांना वाटाड्ये म्हणून शिक्षण आणि मानधन द्यावे. त्याच मुक्कामात नाथांची समाधी, सातवाहनांच्या प्रतिष्ठानाच्या खाणाखुणा जपणारे बाळासाहेब पाटील संग्रहालय आणि पैठणीचे माग हे सारे पायी फिरून पाहता येते. आजोबा आणि नातवंडे काठावरच्या ओट्यावर बसूनही एकत्र सूर्योदय पाहू शकतात. त्यासाठी पाण्यावर निजण्याची गरज नाही. आणि ज्याला हाउसबोटीच हव्यात, त्याने हौसेने तारकर्लीस जावे, कुट्टनाडास जावे, श्रीनगरास जावे.

जलसंपदा खाते आणि वन खाते यांनी मिळून एक स्पष्ट हुकूम काढावा, की नाथसागराच्या बुडीत क्षेत्रात आणि अभयारण्याच्या हद्दीत मुक्कामी नौकांना कोणत्याही नावाने परवाना दिला जाणार नाही. आणि तो हुकूम निघेपर्यंत या शहरातील, पैठणातील आणि कालव्यांच्या टोकाच्या गावांतील नागरिकांनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे आणि ग्रामसभांत त्याचा लेखी आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे.